खुब्याचा सांधा, क्ष-किरण चित्र आणि प्रमाणपत्र : श्वानांतील हिप डिस्प्लेसियाच्या आकलनाची चिकित्सा

प्रस्तावना

श्वानांच्या खुब्याच्या सांध्यातील 'हिप डिस्प्लेसिया' हा विकार अमेरिकन पशुवैद्यक गेरी श्नेल यांनी १९३५ मध्ये प्रथम नोंदविला. त्यानंतरच्या नऊ दशकांत श्वानांच्या ज्या विकारांवर विपुल संशोधन झाले त्यांत या विकाराचे स्थान अग्रभागी आहे. त्याच्या मापनासाठी निरनिराळ्या देशांत स्वतंत्र योजना उभ्या राहिल्या, शस्त्रक्रिया विकसित झाल्या, औषधे आली. असे असूनही लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर अशा लोकप्रिय जातींतून हा विकार हटलेला नाही. एवढ्या ज्ञानसंचयानंतरही फलप्राप्ती अल्प का, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर सामान्यतः पैदासकारांच्या लोभात किंवा मालकांच्या अज्ञानात शोधले जाते. ते अंशतः खरे आहे. तथापि या विकाराकडे पाहण्याच्या शास्त्रीय पद्धतीतच एक मूलभूत गोंधळ आहे आणि त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. 'या प्राण्याला त्रास होईल काय' आणि 'या प्राण्याची संतती घ्यावी काय' हे दोन भिन्न प्रश्न आहेत. प्रचलित व्यवहाराने या दोहोंचे उत्तर एकाच क्ष-किरण चित्राकडून मागितले. प्रस्तुत लेखात या गोंधळाची चिकित्सा केली आहे.

विकाराचे स्वरूप

खुब्याचा सांधा हा उखळी सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील उखळीत बसतो. पिल्लू जन्मते तेव्हा हा सांधा बहुधा निर्दोष असतो. पुढील काही आठवड्यांत ज्या पिल्लांच्या सांध्याचे आवरण व बंध सैल राहतात, त्यांच्यात माथा उखळीत घट्ट न बसता भार पडताच बाहेरच्या बाजूस सरकतो. या वयात हाडे मऊ असतात व त्यांचा आकार परस्परांच्या दाबाने घडत असतो. माथा जागेवर नसल्यामुळे उखळ उथळ राहते, तिची कड झिजते, कूर्चेवर अल्प क्षेत्रात अतिरिक्त भार येतो. शरीर मग सांधा स्थिर करण्यासाठी आवरण जाड करते, कडेला नवे हाड निर्माण करते. हाच पुढील संधिवात. म्हणजे मूळ दोष शैथिल्याचा. आकाराची विकृती हा त्याचा परिणाम आणि संधिवात हा त्या परिणामाचा परिणाम होय.

ही साखळी नीट लक्षात घेतली की एक गोष्ट स्पष्ट होते. हा विकार म्हणजे एखादी 'स्थिती' नसून काळात घडणारी 'प्रक्रिया' आहे. चार महिन्यांच्या पिल्लात ती शैथिल्याच्या रूपात असते, सहा-आठ महिन्यांत सशासारख्या उड्या मारत धावण्यात आणि बसल्यावर उठण्याच्या नाखुषीत दिसते. नंतर पुष्कळदा ती काही वर्षे लपते, कारण जाड झालेले आवरण सांध्याला तात्पुरता आधार देते. उतारवयात ती पुन्हा प्रकट होते. यांपैकी कोणत्या क्षणी चित्र घेतले यावर 'निदान' अवलंबून राहते.

चित्राची पद्धत आणि तिची मर्यादा

अमेरिकेतील उद्योगपती जॉन ऑलिन यांना आपल्या शिकारी लॅब्रॅडॉर श्वानांत हा विकार आढळला. त्यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये 'ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स' ही संस्था स्थापन झाली. तिची पद्धत आजही मुळात तीच आहे. श्वानास पाठीवर निजवून मागील पाय सरळ ताणले जातात, चित्र घेतले जाते आणि तीन तज्ज्ञ स्वतंत्रपणे ते वाचून 'उत्कृष्ट'पासून 'तीव्र विकृत'पर्यंतच्या सात श्रेणींपैकी एक देतात. अंतिम श्रेणी चोवीस महिने पूर्ण झाल्यानंतरच मिळते. त्यापूर्वीचे मूल्यमापन प्राथमिक समजले जाते. ब्रिटनमधील योजनेत प्रत्येक सांध्याची नऊ वैशिष्ट्ये तपासून ० ते ५३ गुण देतात, दोन्ही मिळून १०६. येथे गुण जितके अधिक तितका सांधा वाईट. युरोपातील अनेक देशांत 'ए' ते 'ई' अशी वर्गवारी आहे आणि तीत माथ्याच्या केंद्रापासून उखळीच्या कडेपर्यंतचा 'नॉरबर्ग कोन' मोजतात. १०५ अंश वा अधिक असल्यास सांधा सामान्य मानण्याची प्रथा आहे.

या साऱ्या योजनांची भाषा वेगळी असली तरी त्यांचा पाया समान आहे, आणि दोषही त्या पायातच आहे. पाय ताणले असता सांध्याच्या आवरणाला पीळ बसतो आणि तो सैल माथ्याला उखळीत आत ढकलतो. जे शैथिल्य शोधायचे तेच या मुद्रेत झाकले जाते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील गेल स्मिथ यांनी या आक्षेपातून निराळी पद्धत विकसित केली. तीत प्राण्यास गाढ गुंगी देऊन पाय नैसर्गिक स्थितीत ठेवतात आणि माथा बाहेरच्या दिशेने किती सरकतो याचे ० ते १ या मापात मोजमाप करतात. ०.३०च्या खालचे सांधे संधिवातापासून बहुतांशी सुरक्षित समजले जातात. ही तपासणी सोळा आठवड्यांच्या वयापासून करता येते.

२०१० मध्ये याच विद्यापीठातील गटाने ४३९ श्वानांची दोन्ही पद्धतींनी तुलना प्रसिद्ध केली. जुन्या पद्धतीने 'सामान्य' ठरलेल्या श्वानांपैकी ८० टक्क्यांचे शैथिल्य ०.३०हून अधिक निघाले. 'उत्कृष्ट' श्रेणीतील श्वानांतही हे प्रमाण ५२ टक्के होते. ही आकडेवारी धक्कादायक आहे, परंतु ती वाचताना दोन सावधगिऱ्या आवश्यक ठरतात. प्रथम, तुलना करणारे संशोधक एका प्रतिस्पर्धी पद्धतीचे जनक होते. दुसरे, ०.३०हून अधिक शैथिल्य म्हणजे विकार नव्हे, ती केवळ विकाराची शक्यता होय. तेवढे शैथिल्य असलेले अनेक श्वान वेदनेविना आयुष्य काढतात. तेव्हा या अभ्यासाने जुनी पद्धत खोटी ठरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. 'सामान्य' हा शब्द त्या चित्राला पेलत नाही, एवढे मात्र तिने निर्विवादपणे दाखविले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण बुलडॉग व पग या जातींचे आहे. हा विकार मोठ्या अंगाच्या श्वानांचा अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात अमेरिकन संस्थेच्या जातवार यादीत या दोन जाती अगदी वर आहेत व त्यांच्यातील विकृत सांध्यांचे प्रमाण दहांत सुमारे सात इतके आहे. ग्रेहाउंडमध्ये ते शेकडा पाचांहूनही कमी आहे. तरीही पग लंगडतो म्हणून दवाखान्यात आणला जाण्याचे प्रमाण लॅब्रॅडॉरच्या तुलनेत नगण्य वाटते, कारण भार कमी आणि हालचाल मर्यादित. चित्र विकृत आणि प्राणी स्वस्थ, किंवा चित्र 'सामान्य' आणि प्राणी वेदनाग्रस्त होण्याच्या मार्गावर, अशा दोन्ही शक्यता संभवतात.

स्वेच्छेची नोंदणी

मोजमापाच्या मर्यादेपेक्षाही गंभीर प्रश्न नोंदणीच्या स्वरूपाचा आहे. बहुतेक योजना ऐच्छिक आहेत. पैदासकार आपल्या पशुवैद्याकडे चित्र काढून घेतो, ते पाहतो आणि मग पाठवायचे की नाही ते ठरवितो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोल्डन रिट्रीव्हर जातीतील विकाराचे प्रमाण, चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञागणिक, ५३ ते ७३ टक्के आढळले. रॉटवायलरमध्ये ४१ ते ६९ टक्के. याच अभ्यासानुसार गोल्डन रिट्रीव्हरची सामान्य दिसणारी चित्रे संस्थेकडे पाठविली जाण्याची शक्यता विकृत चित्रांच्या ८.२ पट होती. ज्या कोशात नापास विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका परत घेऊन जाऊ शकतात, त्या कोशावरून परीक्षेचा निकाल काढावा, तसा हा प्रकार होय. येथे वाचकांच्या फरकाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. तीच चित्रे, आणि तज्ज्ञ बदलताच वीस टक्क्यांचे अंतर. श्रेणीची भाषा जितकी ठाम आहे तितके वाचन ठाम नाही.

ऐच्छिक नोंदणीच्या विरुद्ध बाजूस न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथील 'द सीइंग आय' या संस्थेचा अनुभव ठेवता येतो. ही संस्था दृष्टिहीनांसाठी मार्गदर्शक श्वान तयार करते आणि स्वतःची पैदास स्वतः करते. तेथे बारा ते सोळा महिन्यांच्या वयात श्वानांची तपासणी होत असे. निकाल चांगला वा वाईट, तो नोंदला जात असे आणि जोड्या जुळविताना केवळ त्या प्राण्याचाच नव्हे तर त्याच्या भावंडांचा व अन्य नातलगांचाही विचार होत असे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार पाचांहून कमी पिढ्यांत जर्मन शेफर्डमधील विकाराचे प्रमाण ५५ वरून २४ टक्क्यांवर आणि लॅब्रॅडॉरमधील ३० वरून १० टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे हे यश मुख्यतः त्याच जुन्या, पाय ताणून घेतलेल्या चित्रावर मिळविले गेले. सदोष साधनही सर्वांवर वापरले आणि निकाल लपविला नाही तर उपयोगी पडते.

यामागील कारण आनुवंशिकीच्या प्राथमिक तत्त्वांतच आहे. हा विकार एका जनुकाचा नाही. अनेक जनुकांचा अल्प-अल्प प्रभाव एकत्र येऊन तो घडतो. ब्रिटनमधील लॅब्रॅडॉरच्या गुणनोंदींवरून त्याची वारसाक्षमता सुमारे ०.३५ निघते. याचा अर्थ श्वानाश्वानांत दिसणाऱ्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग संततीकडे जाणाऱ्या जनुकीय फरकाचा आहे, उर्वरित आहार, वाढ, व्यायाम आणि योगायोग यांचा. म्हणून निर्दोष सांध्यांच्या जोडप्यास विकृत पिल्ले होणे हा अपवाद नसून अपेक्षित प्रकार आहे. एका प्राण्याच्या चित्रापेक्षा वीस नातलगांची चित्रे त्याच्या जनुकांविषयी अधिक सांगतात. ब्रिटनमध्ये २०१४ पासून नातलगांच्या नोंदींवर आधारित 'पैदास-मूल्य' उपलब्ध करून दिले गेले ते याच विचाराने. चित्रयोजना सुरू झाल्यापासून येथवर पोहोचण्यास सुमारे अर्धशतक लागले, ही बाब या क्षेत्राच्या वैचारिक जडत्वाची द्योतक आहे. गाई-म्हशींच्या पैदाशीत हेच गणित फार पूर्वीपासून रुळले होते.

आहाराचा प्रयोग आणि त्याचे वाचन

व्यवस्थापनाच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होय. सात वेतांतील ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या, एकाच वेतातील व एकाच लिंगाच्या, २४ जोड्या करण्यात आल्या. आठ आठवड्यांच्या वयापासून जोडीतील एकास हवे तेवढे खाऊ दिले. दुसऱ्यास, पहिल्याने जेवढे खाल्ले त्याच्या ७५ टक्के. दोन वर्षांच्या वयात अमेरिकन पद्धतीने पहिल्या गटातील २४ पैकी १६ श्वान विकारग्रस्त ठरले, दुसऱ्या गटातील केवळ ७. खुब्यातील संधिवात चित्रात प्रथम दिसण्याचे मध्यक वय पहिल्या गटात ६ वर्षे तर दुसऱ्या गटात १२ वर्षे होते. मध्यक आयुर्मान अनुक्रमे ११.२ व १३ वर्षे भरले.

पशुवैद्यकातील आयुष्यभर चाललेले, जोड्यांनी नियंत्रित असे प्रयोग विरळ आहेत आणि या प्रयोगाचे मोल त्या दृष्टीने मोठे आहे. परंतु त्याचे वाचन अनेकदा ढिलाईने होते. हा प्रयोग एका पशुखाद्य कंपनीने केला, एका जातीवर, एकाच ठिकाणी ठेवलेल्या प्राण्यांवर. खाद्य कमी विकले जावे असा निष्कर्ष काढणाऱ्या खाद्य कंपनीवर पक्षपाताचा आरोप करणे अवघड आहे, हेही खरे. मुख्य गैरसमज मात्र 'पंचवीस टक्के कमी' या शब्दांचा आहे. ते प्रमाण पाकिटावर छापलेल्या मापाच्या तुलनेत नव्हते, मनसोक्त खाणाऱ्या भावंडाच्या तुलनेत होते. शिवाय सव्वातीन वर्षांच्या वयानंतर पहिल्या गटाचाही आहार लठ्ठपणा टाळण्यासाठी ठरवून देण्यात आला. म्हणजे हे श्वान बेढब लठ्ठ नव्हते. आपल्याकडे 'चांगला भरलेला' म्हणून ज्याचे कौतुक होते तसे ते होते. फासळ्या हाताला सहज लागतील आणि वरून पाहता कंबर दिसेल, एवढीच अपेक्षा या प्रयोगातून व्यवहारासाठी निघते.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. याच श्वानांच्या दीर्घकालीन नोंदीत खुब्यातील संधिवाताचे एकूण प्रमाण दुसऱ्या वर्षी १५ टक्के होते व ते वाढत जाऊन चौदाव्या वर्षापर्यंत ६७ टक्क्यांवर पोहोचले. कमी आहाराने विकार टळला असे म्हणण्यापेक्षा तो लांबणीवर पडला असे म्हणणे अचूक ठरेल. एखाद्या प्राण्याच्या बारा-तेरा वर्षांच्या आयुष्यात सहा वर्षांची लांबण हे अमूल्य दान आहे, यात संशय नाही. परंतु त्याच प्रयोगातून पैदाशीविषयी निघणारा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. एकाच वेतातील दोन भाऊ. सडपातळ राखलेला दोन वर्षांच्या वयात प्रमाणपत्र मिळवितो, दुसरा नापास होतो. या प्रमाणपत्रातील किती भाग जनुकांचा आणि किती भाग ताटलीचा, हे चित्र सांगू शकत नाही. जितके व्यवस्थापन चांगले, तितके चित्र जनुकांविषयी मौन पाळते.

उपचारांची वेळ

हाच पेच शस्त्रक्रियेच्या बाबतीत तीव्र होतो. कटीच्या हाडांचा पुढील जोड लहान वयात बंद करून उखळीची वाढ माथ्यावर झाकण घालणाऱ्या दिशेने वळविण्याची एक तुलनेने सोपी शस्त्रक्रिया आहे. ती बारा ते वीस आठवड्यांच्या वयातच फलदायी ठरते. कटीचे हाड कापून उखळ फिरविण्याची शस्त्रक्रिया साधारणतः दहा महिन्यांच्या आत व संधिवात सुरू होण्यापूर्वीच करणे इष्ट असते. त्यानंतर उरतात ते संपूर्ण सांधा बदलणे, किंवा मांडीच्या हाडाचा माथा काढून स्नायूंच्या आधारावर पाय चालविणे. पहिला पर्याय अतिशय खर्चिक, तर दुसरा भारी श्वानात कमी समाधानकारक. यावरून दिसते की जी पद्धत आपला अंतिम निर्णय चोविसाव्या महिन्यात देते, ती पैदाशीसाठी उशिराची नसली तरी त्या पिल्लासाठी फार उशिराची आहे. आणि ज्या पिल्लावर चौथ्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, त्याचे चित्र पुढे सुधारलेले दिसेल. म्हणूनच त्याच वेळी त्याचे निर्बीजीकरण करावे असा आग्रह धरला जातो.

येथे आणखी एक गुंता आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील २०१३ च्या अभ्यासात, एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर नरांत हा विकार १० टक्के, म्हणजे निर्बीजीकरण न झालेल्या नरांच्या सुमारे दुप्पट आढळला. नेदरलँड्समधील बॉक्सर श्वानांवरील २००५ च्या अभ्यासातही सहाव्या महिन्यातील निर्बीजीकरणाने लक्षणांची जोखीम दीडपट झाली होती. जातीच्या हिताचा उपाय त्या प्राण्याच्या हिताशी प्रत्येक वेळी जुळतोच असे नाही.

वेदनाशमनाची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी औषधे पशुवैद्याच्या देखरेखीखाली परिणामकारक आहेत. घरातील माणसाचे आयबुप्रोफेन मात्र श्वानाच्या जठरास व मूत्रपिंडास घातक ठरते. ग्लुकोसामाइन व काँड्रॉइटिन या पूरकांचा खप मोठा असला तरी २०२२ मधील एकत्रित विश्लेषणात त्यांचा परिणाम दिसून आला नाही. त्या मानाने ओमेगा-३ स्निग्धाम्लांची बाजू बरी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडिनव्हेटमॅब हे महिन्यातून एकदा टोचावयाचे औषध आशादायक मानले गेले, परंतु डिसेंबर २०२४ मध्ये तेथील औषध नियंत्रकाने त्याच्या दुष्परिणामांच्या नोंदींकडे पशुवैद्यांचे लक्ष वेधले.

भारतीय संदर्भ

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील सदनिकांत लॅब्रॅडॉर ही जात घरोघर पोहोचली आहे. या घरांतील फरशी गुळगुळीत असते. वर उल्लेखिलेल्या डच अभ्यासात निसरड्या जमिनीवर वाढलेल्या बॉक्सरांत लक्षणांची जोखीम १.६ पट होती. नॉर्वेतील २०१२ च्या अभ्यासात तीन महिन्यांपर्यंत जिने चढणाऱ्या पिल्लांत विकाराची जोखीम वाढलेली, तर मऊ व किंचित उंचसखल जमिनीवर मोकळे बागडणाऱ्यांत ती घटलेली आढळली. तीन महिन्यांपर्यंतचा हा काळ मुख्यतः पैदासकाराकडेच जातो. पिल्लाचे आगमन झाल्यावर मालक जे करतो ते पुष्कळदा उलट दिशेचे असते: वाढ झपाट्याने व्हावी म्हणून दूध-भात, पोळी आणि वरून तयार खाद्य, तसेच हाडे बळकट व्हावीत म्हणून कॅल्शियमचे औषध. मोठ्या जातींच्या पिल्लांत अतिरिक्त कॅल्शियम हाडांच्या वाढीत बिघाड घडविते, हे उट्रेक्ट येथे ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून १९८०च्या दशकातच दिसले होते. एखादे जुने जाजम किंवा रबरी पट्टी अंथरणे या औषधापेक्षा अधिक उपकारक आणि स्वस्त आहे.

कायद्याच्या बाजूने, केंद्र शासनाने २०१७ मध्ये श्वान पैदास व विक्रीविषयक नियम अधिसूचित केले. पैदासकाराची नोंदणी, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकण्यास मनाई, मादीच्या वेतांच्या संख्येवर मर्यादा अशा तरतुदी त्यांत आहेत. मादीच्या पहिल्या वेतासाठी किमान वय अठरा महिने आहे. म्हणजे ज्या योजनेची अंतिम श्रेणी चोवीस महिन्यांनंतर मिळते, तीनुसार सांध्यांचा निर्णय लागण्यापूर्वीच मादी कायदेशीररीत्या विणलेली असू शकते. आणि पिल्लू दोन महिन्यांचे असताना विकले जाते, तेव्हा त्याचे शैथिल्य मोजण्याचे वय अद्याप दोन महिने दूर असते. या दोन महिन्यांत ग्राहकाच्या हाती येणारी वस्तू म्हणजे वंशावळीचा कागद. त्यावर नावे असतात, सांध्यांची नोंद क्वचित असते. असलीच तर आई-वडिलांची असते, काका-मावश्यांची व आधीच्या वेतातील पिल्लांची नसते. वारसाक्षमतेचे गणित ज्या माहितीवर उभे आहे ती नेमकी हीच. ती गोळा करण्यास नवे यंत्र लागत नाही. साध्या क्ष-किरण यंत्रावर, दवाखान्यात आलेल्या प्रत्येक श्वानाचे चित्र, तो नापास होईल असे दिसत असतानाही, मातापित्यांच्या नावासह एका ठिकाणी नोंदले जाणे एवढेच त्यासाठी पुरे आहे. मॉरिसटाउनला १९९७ पूर्वी उपलब्ध असलेले साधन याहून फारसे वेगळे नव्हते.